नाटकाला कुलूप

नाट्यसंस्थेच्या ऑफिसबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको लॅपटॉपवर वाकले होते.

“अहो, नाटक माझं आणि मलाच शेवट बदलू देत नाही! म्हणतो, फाईल दुसरं कुणीतरी वापरतंय.”

“मग फाईलला कुलूप पडणारच.”

“पण माझ्या फोल्डरची परवानगी आहे कुणाला?”

“मला. प्रिंट काढायला तूच दिली होतीस. याच लॅपटॉपवर माझ्या खात्यात फाईल उघडी राहिलीय बघ. काल वाचत होतो.”

“तुम्ही? तुम्हाला तर चार ओळींचा निरोप वाचवत नाही!”

“अगं, हसून हसून पलंगावरून पडलो! थांब, तिकडची बंद करतो. झालं, निघालं कुलूप. बदल आता शेवट.”

“पडलात कुठल्या प्रसंगाला?”

“शेवटच्याच!”

“मग कशाला मेलं बदलायचं!”

दार उघडून कुणीतरी विचारलं, “लेखिका कोण?”

“ही!” तिच्याआधी तोच ओरडला.