बांधावरच्या आंब्याचं टेस्टिंग

टेस्टर असावेत तर आमच्या काकांसारखे! बागायतदारांसाठी मी वेबसाइट केली होती, प्रत्येक झाडाची नोंद थेट क्लाउडवर. एकच नोंद दोघांनी एकदम बदलली तर काय होतं, तेवढं तपासायचं राहिलेलं. म्हणून अण्णाकाका आणि त्यांचे धाकटे चुलतभाऊ बापूकाका, दोघांना लॉगिन दिलं.

अण्णांनी बांधावरच्या आंब्याचा मालक म्हणून स्वतःचं नाव टाकलं. बापूंनी लगेच बदललं. एकाच पडवीत, एकमेकांकडे पाठ करून, दुपारभर हेच! सिस्टीम काही पडली नाही.

शेवटी काकू दोघांना चहा घेऊन आल्या आणि अण्णांच्या फोनमध्ये डोकावल्या. "अहो, हा आंबा गेल्या वादळात आडवा झाला ना? त्याच्याच लाकडावर चहा केलाय."

मग बापूंनी कप खाली ठेवला. "वैनी, लाकडं कुणाला विचारून नेलीत?"

मी गुपचूप 'लाकूड' असा नवा रकाना टाकला.