आजीच्या नावापुढचा शेरा

मेदानच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढे दोघी बहिणी होत्या. सरकारी दप्तरखान्याने लोकांना फुकट उतरवून द्यायला वाटलेली, इथल्या डच राजवटीतल्या मळ्यांच्या जुन्या मजूर-नोंदवहीची पानं थोरली सुमिरा फोनवर टाइप करत होती.

"ताई, ही आपलीच आजी ना? मग 'उर्मट बाई' कशाला टाइप करतेस? गाळ ते."

"आहे तसंच उतरवायचं, लास्त्री. नियम आहे."

"फुकटच्या कामाला कसला नियम? उद्या माझे व्याही वाचतील!"

"वाचू देत. पुढचं ऐक. तंबाखूच्या मळ्यातून तीनदा पळाली. पंचवीस फटके. खाली मळ्याच्या डच साहेबाची सही."

"पंचवीस? बाईमाणसाला?"

"शेरा गाळला, तर फटके देणारा तिला काय म्हणत होता ते कोणाला कळणार?"

"साहेबाचं नाव टाकलंस?"

"पूर्ण."

"आण इकडे फोन. 'उर्मट' मी टाइप करते."