क्रुसासमोरची पाळी

ठाण्यात रेशनच्या रांगेत साखर येईपर्यंत करण्यासारखं एकच काम असे, ते म्हणजे पुढच्यांचं बोलणं ऐकणं. वामनराव प्रधान ते मनापासून करत. आज पुढे दोन किरिस्तांव बायका होत्या.

“रोझिन, संध्याकाळी क्रुसाकडच्या लादीनच्या प्रार्थनेची पाळी तुझ्या घरची. यंदा मी करू का?”

“का गो? माझे हात मोडले?”

“तसं नाय गो. तुझा लेक पेद्रू जाऊन महिना नाही झाला. तूच म्हणालीस, देवाशी बोलणार नाही.”

“नाहीच बोलणार! पोर तापानं फणफणलेलं, तेव्हा गुडघे सोलेपर्यंत मागितलं. हूं नाही की चूं नाही.”

“मग प्रार्थना कशी म्हणशील?”

“गाणारे गातील. मी वाटायला चणे उकडलेत, क्रुसाला हार केलाय. सासऱ्यांपासूनची पाळी आहे, माझ्या हातून नाही चुकायची.”

“आणि सगळे गुडघे टेकतील तेव्हा?”

“मी उभी राहीन.”

“गावादेखत? पाद्री काय म्हणतील?”

“त्यांना जास्तीचे चणे देईन.”

“थट्टा नको गो. देव रागावला म्हणजे?”

“रागावू दे की! निदान तोंड तरी उघडेल.”