पाटी उभी करायची

परिषदेच्या इमारतीत प्रिंटर दुरुस्त करायला गेलेलो. चहाच्या रांगेत माझ्यापुढे दोन मित्रदेशांचे प्रतिनिधी होते. एक बाई आणि एक पिकल्या केसांचे काका.

"अगं, आज त्या नव्या देशाला आपल्या गटात घ्यायचा विषय नको काढू. आपल्या मोठ्या मित्रदेशाचा फोन आलाय. त्यांच्या निवडणुका होऊ देत म्हणे."

"काका, मागच्या वेळी त्यांचं बजेट होतं. त्याच्या आधी कुणाचा तरी दौरा."

"पण सगळ्यांनी एकदम बोलायचं ठरलंय ना आपलं?"

"बोलायचं ठरलं होतं. एकदम गप्प बसायचं कधी ठरलं?"

"हळू बोल जरा."

"का? त्या नव्या देशाचा माणूस दर बैठकीला भिंतीकडच्या खुर्चीवर बसतो. पुढ्यात टेबल नाही, कागद मांडीवर. मला नाही बघवत."

"वेळ बरोबर नाही गं."

"तुमच्या देशाला घेतलं तेव्हा होती?"

"तेव्हा आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं."

"मग झालं तर! मी टेबलावरची माझ्या देशाच्या नावाची पाटी उभी करणार. एकाने जरी केली तरी अध्यक्षांना विषय घ्यावाच लागतो."

"मोठा मित्र तोंड फिरवेल."

"फिरवू दे. इतकी वर्षं नुसता फोनच येतोय, तोंड कुणी बघितलंय?"

बैठकीची घंटा झाली. बाई रांग सोडून निघाल्या.

"अगं, चहा?"

"नंतर. तो भिंतीकडचा टेबलापाशी आला की."

"मग थांब, मी पण येतो. माझी पाटी जड आहे, उभी करायला वेळ लागतो."