पाण्याखालची चौकशी

...आणि वर मला म्हणतात, काका, रिलॅक्स! अहो, रिलॅक्स काय रिलॅक्स? पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाची वजनं, तोंडात रबराचा बोळा, आणि सही कशावर केलीय, तर मी मेलो तर माझा मीच जबाबदार! तुम्हाला सांगतो, मला तेव्हाच संशय आला होता.

तेव्हाच म्हणजे अंदमानला नाही हो, इथे भाईंदरलाच. आमची रसिका, एकुलती एक मुलगी, रविवारी सकाळी माझ्या हातात विमानाची तिकिटं ठेवते... "बाबा, तुम्ही आणि आई अंदमानला जाऊन या. मस्त स्कूबा करा." आता जी मुलगी केबिन रोडवरून कोथिंबीर आणायची म्हटली तर "बाबा, तुम्हीच जा ना" म्हणते, ती मला समुद्रात पाठवते? मी मनोरमाकडे, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींकडे बघितलं. निमूटपणे कपड्यांच्या घड्या घालत होती. निमूटपणे! बत्तीस वर्षांत ही बाई एकदा निमूट बसलेली नाही. मला तेव्हाच संशय आला.

लोक म्हणतात, दत्ताराम, तू फार संशयी. अरे, अठरा वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी! टँकर आला की वर चढून, आत काठी घालून बघतो, भरलाय की नुसताच हलतोय. गॅसवाल्याला सिलिंडर काट्यावर ठेवायला लावतो. कोणी काही बोललं की माझं एकच... लेखी द्या, खाली सही करा. त्याशिवाय सोसायटी चालते का, तुम्हीच सांगा!

तर गेलो. हॅवलॉक म्हणून बेट आहे, तिथे बोटीतून उतरलो आणि समोर समुद्र... निळा! अहो, इतका निळा? असतो का कुठे? आपली भाईंदरजवळची मुर्ध्याची खाडी बघा, पाण्याला कसा पाण्यासारखा रंग आहे! तेवढ्यात एक उंच, काळासावळा पोरगा आला तो थेट वाकून पायाच पडला. "नमस्कार काका, मी यतीन. तुमाला पाण्यान मीच नेणार हाय." म्हटलं, कुठले? तर म्हणे, मुर्ध्याचा! म्हणजे मी दोन विमानं बदलून आलो आणि भेटला कोण, तर चार स्टॉपवरचा! चहा घेऊन आला. बिनसाखरेचा. आता मला साखर चालत नाही हे मी याला सांगितलं होतं? मुळीच नाही. मला तेव्हाच संशय आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीवर त्याने सिलिंडर पुढे केला. म्हटलं, सील कुठंय? "काका, याला सील नसतं." म्हटलं, मग वजन करून दाखव. हसत हसत गेला, मासे तोलायचा काटा कुठूनतरी आणला आणि दाखवलं की हो वजन करून! म्हटलं, ऑक्सिजन पूर्ण भरलाय ना? तर म्हणे, "काका, ऑक्सिजन न्हाय, साधी हवा हाय." साधी हवा? मग ती भाईंदरहून आणली नसती का मी! मागे एक हंसाबेन म्हणून बाई ताटकळत उभ्या, त्या गुजरातीत ओरडल्या, "भाई, हवे चालो ने!" म्हणजे, आता चला ना! शेवटी यतीनने मला धरून हळूच पाण्यात उतरवलं. मनोरमाला दुसरी एक शिकवणारी मुलगी घेऊन गेली.

खाली... काय सांगू! जांभळी पोवळी, पिवळे मासे, निळे मासे, एक तर पट्ट्यापट्ट्यांचा. मला वाटलं प्लॅस्टिकचे बसवलेत. बोट लावून बघायला गेलो तर यतीनने मनगट पकडलं, मान हलवली, हात नाही लावायचा. का नाही लावायचा? मला संशय...

आणि तेवढ्यात मनोरमा समोर येऊन गुडघ्यांवर बसली. खाली बोलता येत नाही ना, म्हणून एक पाटी आणि पेन्सिल देतात. तिने ती पाटी माझ्या डोळ्यांपुढे धरली. "हाच मुलगा रसिकाने पसंत केलाय. मीही. बोला आता!"

काय बोला? तोंडात बोळा! तरी मी बोललोच, "काय?" म्हणून किंचाळलो, तो बोळा सुटला, खारं पाणी घशात, आता संपलंच सगळं... तोवर यतीनने बोळा परत तोंडात बसवलासुद्धा. आणि माझा हात घट्ट धरून बसला, श्वास सुरळीत होईपर्यंत. खरं सांगतो, त्या हाताचा मला फार राग आला. कारण तो सोडावासा वाटेना.

पण चौकशी नको? मी पाटी ओढली. लिहिलं, "घराणं?" तिने अंगठ्याने पुसून लिहिलं, "मुर्ध्याला जाऊन जेवून आले." मी लिहिलं, "कधी???" तिने लिहिलं, "तुम्ही टँकरवर चढला होतात तेव्हा." पुढे मी लिहिलं, "लग्नानंतर रसिका कुठे राहणार?" आणि तिने बोटाने सगळीकडे दाखवलं... इथे.

माझी पेन्सिल थांबली. अहो, घराणं, पत्रिका, सगळं झूट हो. मुलगी लांब जाणार, एवढंच सलत होतं. असलं काही बत्तीस वर्षांत मनोरमाला कधी सांगता आलं नव्हतं, आणि तिथे तर बोलताच येत नव्हतं, म्हणून तिला ते समजलं. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ. मग पाटी पुसून लिहिलं, "लेखी द्या. खाली सही करा."

केली. सवयीने खाली "सेक्रेटरी"सुद्धा लिहिलं.

लग्न मे महिन्यात आहे, मुर्ध्यालाच, सगळ्यांनी या. आणि सकाळी सहाला मला फोन करू नका, मी मीरा रोडच्या तरणतलावात असतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, तीन फूट पाण्यात, पहिलीतल्या पोरांच्या रांगेत उभा राहून पाय आपटायला शिकतोय. करणार काय! जावई दिवसभर पाण्याखाली, मुलगीही आता त्याच्यामागून उतरायला शिकतेय, मग वर्षातून एकदा लेकीला भेटायला गेलो तर मी काय एकटाच काठावर बसून चपला सांभाळू?