पेपरमिंटची डबी

(दुपार. स्वयंपाकघरातलं टेबल. आतल्या खोलीत तीन वर्षांची ठकू झोपली आहे.)

सासू : ‘अंदाज नको, आजी. मोजून सांगा.’ डॉक्टरबाईंचं ते वाक्य कानातून जातच नाही बघ. भाजी चिरताना तेच, केस विंचरताना तेच.

सून : आता कशाला ते, आई. आली ना ठकू घरी.

सासू : काल सकाळी आली. तेव्हापासून तू तिला माझ्याजवळ एकटी ठेवलेली नाहीस. आंघोळीला जातानासुद्धा दार किलकिलं ठेवतेस.

सून : तसं नाही काही.

सासू : रागावून नाही म्हणत. दिसतं म्हणून म्हणते.

सून : मग मीही सांगूनच टाकते. माझ्या बाळंतपणात ठकूला माझ्या माहेरी ठेवावं असं आमचं चाललंय.

सासू : ‘आमचं’? म्हणजे त्यानंही मान डोलावली?

सून : ते काही बोलले नाहीत.

सासू : तो कधीच काही बोलत नाही. वडिलांवर गेलाय.

सून : आई, तुम्हीच सांगा, रक्तदाबाच्या गोळ्या पेपरमिंटच्या डबीत कोण ठेवतं?

सासू : जिच्या बोटांना ते चंदेरी पाकीट फुटत नाही, ती ठेवते. पंधरा दिवसांच्या एकदम सोडवून ठेवायच्या. पांढऱ्या रक्तदाबाच्या, गुलाबी गुडघ्यांच्या. सोय वाटली. दवाखान्यात त्याच डबीतल्या टेबलावर ओतून मोजल्या. पांढऱ्या पंधरा, चार दिवस झालेले, राहायला हव्यात अकरा. भरल्या नऊ.

सून : दोन तिच्या पोटात. आणि तुम्ही मिठाचं पाणी पाजायला निघाला होतात.

सासू : निघाले होते. फोनवर डॉक्टरबाईंनीच थांबवलं. उलटी काढायची नाही, काही पाजायचं नाही, डबी घ्या आणि तशाच या. नाहीतर माझा आणखी एक पराक्रम झाला असता.

सून : रात्रभर तिच्या छातीला त्या तारा. आणि मला येऊन काय म्हणाली होती, तर ‘आई, आजीचा खाऊ कडू आहे.’ औषधाला खाऊ म्हणायची ही सवय तुम्ही…

सासू : मागच्या थंडीतला तिचा खोकला आठवतो? ओठ घट्ट मिटून बसली होती. तू बाटली पाठीमागे लपवलीस आणि म्हणालीस, ‘खाऊ कुणाला हवा?’ लगेच आ केला तिनं. मला वाटलं, काय युक्तीची आहे आमची सून. मी तीच युक्ती उचलली.

सून : …मी म्हणाले होते?

सासू : डॉक्टरबाईंनी विचारलं, औषधाला खाऊ कोण म्हणतं. मी म्हटलं, मी. खोटं नव्हतं ते, मीही म्हणतेच.

सून : तुम्ही माझं नाव सांगायचं होतंत.

सासू : मग दोघींना बोलणी बसली असती. एकीवर भागलं. पण गुलाबीचं भागलेलं नाही.

सून : गुलाबीचं काय?

सासू : त्याही मोजल्या. दहा होत्या, मी दोन घेतलेल्या. भरल्या पाच. तू तेव्हा बाहेर फॉर्म भरत होतीस. त्या म्हणाल्या, ह्याही पोरीनं खाल्ल्या असतील तर आम्हाला वेगळं बघावं लागेल, नीट आठवा. मी सांगितलं, त्या तीन पोरीनं नाही, घरातल्या मोठ्या माणसानं घेतल्यात, खात्रीनं सांगते. कोणी घेतल्या ते विचारायला त्यांना सवड नव्हती.

सून : तुम्हाला कसं कळलं?

सासू : तीनदा पाहिलं. ओट्याशी कमरेवर हात ठेवून उभी राहायचीस. तासाभरानं तो हात खाली यायचा. आणि डबीचं झाकण तिरकं बसलेलं असायचं.

सून : पाठ धरली होती हो. ठकूला उचलून उचलून. घरातलीच गोळी, म्हटलं एवढ्यानं काय होतंय.

सासू : मलाही तसंच वाटलं म्हणून गप्प बसले. ती माझी चूक. आज सकाळी औषधाच्या दुकानातल्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, सातव्या महिन्यात ही गोळी नको, पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडांना, हृदयाला त्रास होऊ शकतो. तीन झाल्यात तर धसका घेऊ नका, पण आणखी घेऊ नका आणि आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. दुखण्यावर काय चालेल ते डॉक्टरच सांगतील.

सून : माझं नाव सांगितलंत त्यांना?

सासू : नुसतं ‘घरात एकीला सातवा आहे’ म्हटलं. तर बाई माझ्याच पोटाकडे बघायला लागल्या.

सून : हसवू नका मला. रडू येतंय.

सासू : दोन्ही कर. मग फोन कर.

सून : काय सांगू त्यांना?

सासू : अंदाज नको. मोजून सांग.

सून : मागच्या मंगळवारी एक. गुरुवारी दोन, सकाळी आणि संध्याकाळी. …आई, माहेरचं अजून पक्कं नाही.

सासू : ते तू ठरव, मी विचारणार नाही. ती डबी टाकून दिली. गोळ्या आता पाकिटातच राहतील, कपाटाच्या वरच्या खणात, किल्ली तुझ्याकडे. रोज सकाळी मला एक सोडवून देत जा म्हणजे झालं. ती तारांमध्ये झोपली होती ना, तेव्हा तिच्या कानात मी एक शब्द दिलाय. तो पाळायला ती जवळ हवी, एवढंच.

सून : कसला शब्द?

ठकू (आतून) : आजीऽ

सून : उठली. तीन वाजलेच, तिच्या कानदुखीच्या प्यायच्या औषधाची वेळ. अजून दोन दिवस पूर्ण करायला सांगितलंय.

सासू : जा, दे तू.

सून : …तुम्ही द्या. बाटलीबरोबर मापाची नळी आहे, त्या नळीच्या पाचच्या रेघेपर्यंत भरा. चमचा नको. मी गॅलरीत जाऊन फोन करते. गाड्यांचा आवाज येतो, दार लावून घेते.

सासू : घे लावून. …(बाटली घेऊन आत जाते) ठकू, आले गं. ऊठ, बस अशी. बाटलीवरचं नाव वाचू दे आधी आजीला.

ठकू : आजी, खाऊ?

सासू : नाही गं बाळा. हे औषध आहे.