मागची सीट

ताडकळसच्या पेट्रोल पंपावर सुनेत्राबाईंची स्कूटी रांगेत होती. पुढं दोन म्हातारे, रायभान आणि हरिओम, बोलत होते.

“रायभान, ही तिसरी गाडीबी त्याच कंपनीची?”

“मधी दुसऱ्या कंपनीची आणली होती. आठ दिवसांत इकून टाकली.”

“खराब निघाली व्हय?”

“गाडी लय चांगली. पण हिला मागं बसायला जमंना.”

“कुणाला?”

“नर्मदाला.”

“आरं, वहिनीला जाऊन तीन वर्सं झाली की!”

“मंग? एकटीला घरी ठिवू का?”

पेट्रोल भरून झालं. रायभाननं किक मारली, मान जराशी वळवून विचारलं, “बसली का?”

मागचे शॉकअप हळूच दबलेले सुनेत्राबाईंना दिसले.

हरिओम दोन पावलं मागं सरला.

“पदर सांभाळा, वहिनी.”